विजयसिंहांचा ओपन सोर्स

"कोल्हापुरात आता पैसे मोजून विंडोज कोण घेतोय बघतोच! घरोघरी लिनक्स नेतो!"

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात विजयसिंहांनी अशी आरोळी ठोकली की रंकाळ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या!

बायको, प्रियदर्शनी, तेवढी हलली नाही. "दसऱ्यापर्यंत एक तरी कॉम्प्युटर खपवा. न्हाईतर माझा भाऊ हितं मटणाची खानावळ काढणार हाय."

मेहुण्यानं पातेली आणून कोपऱ्यात रचलीही होती!

विजयसिंहांचा लिनक्सवर भारी जीव. विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं, पण फुकट, सगळ्यांना खुलं, जुन्या मशीनवरही हरणासारखं पळणारं! पण 'फुकट' ऐकलं की गिऱ्हाईक शिळ्या भज्याकडं बघावं तसं बघायचं आणि सटकायचं. शेवटी त्यांनी पाटीवरचा तो शब्दच खोडला आणि असल्या खुल्या सॉफ्टवेअरचं इंग्रजी नाव घालून नवी पाटी रंगवली : 'येथे सर्वांसाठी ओपन सोर्स मिळेल.'

दुसऱ्याच दिवशी गारगोटीहून तानाबाई हजर.

"पावणं, सोर्स हितंच मिळतोय न्हवं?"

"या की मावशी, बसा!"

"कुठवर पोचतोय?"

"जगभर! सरकारी कचेऱ्यांत चालतोय की!"

"आगं बया! आनि बँकंत?"

"बँकेत तर पार आतपर्यंत!"

तानाबाईंनी डोळा बारीक केला. "म्हंजे वरनं कॉम्प्युटर, आतनं सोर्स!"

"शंभर टक्के!" इतकं शहाणं गिऱ्हाईक बघून विजयसिंहांना गहिवरून आलं.

कॉम्प्युटरचं खोकं रिक्षात चढलं. तानाबाई चढता चढता म्हणाल्या, "मग बँकंतल्या आमच्या लेकाची, ऋतुराजची, बदली कवा हुईल?"

विजयसिंहांच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. आपल्या गावात सोर्स म्हणजे वशिला!

"मावशी, थांबा! ह्यो सोर्स तसला न्हाई! पैसे परत घ्या!"

"व्हय व्हय! असं उघड्यावर बोलू नये पावणं!" रिक्षा गेलीसुद्धा.

आणि दैव असं खट्याळ, की ऋतुराजचा कधीचा पडून असलेला बदलीचा अर्ज त्याच आठवड्यात मंजूर झाला! मग काय, दुकानापुढं जोतिबाच्या यात्रेसारखी गर्दी!

"अहो, ह्यानं बदली हुत न्हाई!" विजयसिंह घसा फोडून ओरडले.

"बढती चालंल!" मागनं कुणीतरी ओरडलं.

घाबरून त्यांनी पाटी उतरवली.

"आता सोर्स दाबून ठेवलाय बघ!" म्हणत गर्दी दुप्पट झाली! दसऱ्याआधीच दुकान रिकामं. मेहुणा तोंड पाडून पातेली घेऊन गेला.

विजयसिंहांचं मन मात्र खात होतं. चुकून का होईना, लिनक्स घरोघरी पोचलं, एवढाच दिलासा. ते डोळ्यांनी बघावं म्हणून विजयसिंह गारगोटीला गेले.

"मावशी, चालतोय का बरा?"

"लै भारी! आता सुनंची बी बदली..."

"तसं न्हवं हो! कॉम्प्युटर!"

"त्यो व्हय?" तानाबाईंनी देवघराकडं हात केला. हळदकुंकू लावलेलं खोकं, वर झेंडूचा हार, दोरीची गाठसुद्धा जशीच्या तशी. "का वो पावणं, उघडायचा असतोय व्हय त्यो?"