कमरेला दोर, नजरेला टँकर

"दोराचं टोक हातात धरायचं, लेकी. कमरेला बांधायचं न्हाई!"

केवळाबाईनं हे रुद्राणीला एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तर तिचं मनगट धरून सांगितलं. रुद्राणीनं मान डोलावली आणि मनातल्या मनात हसली. बी.एस्सी., वनस्पतीशास्त्र, लातूरच्या कॉलेजातून, तेही दुसऱ्या वर्गात! अकरावीला तर कप्पीची गणितं ती इतक्या झटकन सोडवायची की सर खडू तिच्याच हातात द्यायचे. तिला आता दोर कसा धरायचा ते केवळाबाई शिकवणार!

ते वर्ष दुष्काळाचं तिसरं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. अहमदपूरच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहूनही झालं होतं, पण नळाला ही बातमी अजून पोचली नव्हती. पाचव्या दिवशी टँकर यायचा, कधी सकाळी, कधी संध्याकाळी, कधी नुसतीच अफवा. गावात सगळं वाळलं होतं. हिरवा होता तो एकटा रुद्राणीच्या परसातला कडुनिंब! आड कोरडा, हौद कोरडा आणि हा आपला नव्या नवरीसारखा पालवलेला. पाणी कुठून पितो हे कोडं वनस्पतीशास्त्रालाही सुटत नव्हतं.

पण त्याची एक फांदी, मांडीएवढ्या जाडीची, दिसायला वाळकी, नेमकी झोपायच्या खोलीच्या पत्र्यावर आली होती. वारा सुटला की करकरायची. रुद्राणी ते करकरणं मोजायची. तशी ती सगळंच मोजायची. लेकीचे, गंगूचे दात, गंगूच्या शिंका, गंगू किती महिन्यांची झाली आणि अजून चालत का नाही! सोळा महिने पुरे झाले होते. शेजारच्या धुरपताबाईची नात अकराव्या महिन्यात धावत होती. गंगू मात्र बाजेवर बसून राज्य करायची.

"ती फांदी पडायची असती तर तुझ्या नवऱ्याच्या, शिवमूर्तीच्या बारशालाच पडली असती," सासूबाई बसम्मा म्हणाल्या. "अन् पोरगी चालंल. तिला कुठं मोंढ्यात बाजाराला जायाचंय?"

पण रुद्राणीनं हट्ट धरला आणि लोहा गावापलीकडच्या एका खेड्यातल्या, झाडं छाटणाऱ्या भुजंगमामाला बोलावणं गेलं.

भुजंगमामा म्हणजे वाळलेल्या मिरचीएवढा माणूस. वय पासष्ट, वजन विचारू नका. एसटीतून उतरला तो खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन. वेटोळं त्याच्यापेक्षा मोठं होतं, त्यामुळं आधी दोर उतरला आणि मागून माणूस! त्याच्यामागून त्याची बायको केवळाबाई. तीस वर्षांची ही जोडी, तो झाडावर, ती दोरावर. त्यानं वर फांदी बांधायची, दोर वरच्या बेचक्यातून घ्यायचा, तिनं खाली खोडाला एक वेढा देऊन टोक हातात धरायचं. फांदी तुटली की बोटबोट दोर सोडत अशी उतरवायची, की खाली अंडं ठेवलं तरी फुटू नये.

आल्या दिवशी त्यानं कुऱ्हाडीला हातही लावला नाही. पाणी मागितलं. बसम्मानं जिवावर उदार होऊन तांब्याभर दिलं. त्यानं घोटभर प्यायलं आणि उरलेलं सगळं झाडाच्या बुडाशी ओतलं!

"शिव शिव शिव!" बसम्मा भिंतीला टेकल्या.

भुजंगमामानं खोडावर तळवा ठेवला. "उद्या येतो," तो झाडाला म्हणाला. "डावा हात घेणार हाय तुझा. जीव तेवढा आवरून घे. पाखरायला बी सांग."

"न सांगता कामून तोडावं?" रुद्राणीचं तोंड बघून तो म्हणाला. "तुमाला डाक्टर न सांगता कापतो काय?"

दुसऱ्या दिवशी गल्ली गोळा झाली. भुजंगमामाच्या धंद्याचा हाच खरा ताप. पोष्टातून निवृत्त झालेले सिद्रामप्पा खुर्ची टाकून बसले आणि खालून झाड कसं तोडायचं ते शिकवू लागले.

"भुजंगा, एवढा आलाच हैस तर वरचं सगळंच उतरव की! माझ्या शेळीला पाला होईल."

"एकच फांदी सांगितलीया, अप्पा."

"मग ती तरी बुडापासून घे. जळण होईल!"

"लोकायला झाड दिसतच न्हाई," भुजंगमामा दोर उलगडत पुटपुटला. "कुणाला पाला दिसतो, कुणाला जळन. नवा जिल्हा झाला, रस्ते रुंद करू लागले, तवा मला म्हन्ले चाळीस वडाची झाडं पाड. म्या म्हन्लं, मी छाटणारा, पाडणारा न्हाई. तवापासून सरकारी काम बंद!"

आणि तो चढला. शिडी नाही, काही नाही. नुसते दोन पाय आणि दोन हात. झाडानंच जणू त्याला हात देऊन वर घेतलं. रुद्राणीचा आ वासला तो मिटायला वेळ लागला.

दोरावर मात्र त्या दिवशी केवळाबाई नव्हती. आदल्या आठवड्यात हातपंपाचा दांडा लागून तिचं उजवं मनगट वांग्याएवढं सुजलं होतं. "एक हुशार माणूस द्या," ती म्हणाली. पुढं झाली कोण? रुद्राणी! पदर खोचला, दोर घेतला.

करवत चालू झाली. भुसा उडू लागला. पाच मिनिटं ठीक गेली. मग बाजेवर गंगूनं सूर लावला. रुद्राणीचं अर्धं लक्ष तिकडं. पोरीच्या अंगावर भुसा तर नाही ना उडत? दोन्ही हात अडकलेले! तेव्हा तिच्यातलं अकरावीचं भौतिकशास्त्र जागं झालं. टोक कमरेला बांधलं की हात मोकळे! आणि हा खोडाचा वेढा कशाला? यानं दोर उगीच अडतो. वाळकी फांदी ती केवढी, मी बेचाळीस किलो! तिनं वेढा काढला, कमरेला पक्की गाठ मारली आणि गंगूकडं बघून टाळ्या वाजवल्या.

"लेकी, वेढा कुठाय?" केवळाबाई ओरडली.

वरून कडाड् आवाज झाला.

फांदी खाली आली आणि रुद्राणी वर गेली!

अशी गेली, अशी गेली, की सिद्रामप्पा खुर्चीतून उठून नमस्कार करते झाले. बसम्मानं "सूनबाई!" अशी हाक मारली तेव्हा सूनबाई पत्र्याच्या वर होती. फांदी हलकेच पत्र्याला टेकली (तेवढं गणित बरोबर आलं) आणि रुद्राणी वरच्या बेचक्याला बाजारातल्या तराजूच्या पारड्यासारखी लटकली. समोर भुजंगमामा, हातात करवत.

"तुमी कामून आलात वर?" त्यानं विचारलं.

त्यानं तिला ओढून फांदीवर बसवलं, कमरेची गाठ सोडवली. मग तिनं डोळे उघडले आणि घाबरायचंच विसरली.

अख्खं अहमदपूर तिच्या पायाखाली होतं. पत्रे, धाबी, वाळत घातलेल्या मिरच्या, एसटी स्टँडवरची खेळण्याएवढी लाल गाडी. त्यापलीकडं तव्यासारखी तापलेली रानं, क्षितिजापर्यंत एक हिरवा ठिपका नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध ती हिरव्या सावलीत बसलेली! पानापानांत गारवा. हाताशी एक घरटं, त्यात चार उघड्या चोची. फांदी तुटली त्या जागी हात लावला तर हात ओला झाला.

"मामा, हे पाणी?"

"हाव. तीन वर्सं पाऊस न्हाई, तरी हाय. तुमच्या आडापरीस मुळं खोल गेलीत याची." मग तो म्हणाला, "म्हणून तर फांदी एवढी जड. तुमाला वाटलं वाळकी!"

रुद्राणी लाजली. कॉलेजची सगळी वर्षं तिनं झाडांविषयीची पुस्तकं वाचली होती. झाडावर बसली होती ती आज!

आता उतरवायचं कसं? भुजंगमामानं दोराला बसायला फासा केला, बेचक्यातून घेतला, टोक खाली सोडलं. गल्लीतल्या सात-आठ जणांनी दोर पकडला. सिद्रामप्पा सगळ्यांत पुढं. "आस्ते! आस्ते सोडा! माझ्या तालावर!" मागं केवळाबाई गुपचूप गेली, खोडाला एक वेढा दिला आणि शेवटचं टोक डाव्या हातात गुंडाळून खाली बसकण मारली.

रुद्राणी उतरू लागली. निम्म्यावर आली. आणि तिथून तिला स्टँडाच्या वळणावर काहीतरी दिसलं. मोठं, निळं, मागून थेंब थेंब गळणारं!

सांगायला नको होतं. पण तीन वर्षांची सवय! तोंडातून निघूनच गेलं.

"टँकर!"

पुढचं पापणी लवायच्या आत झालं. दोर सुटला, खुर्ची उलटली, परस रिकामं! सिद्रामप्पा, ज्यांना गुडघ्यामुळं देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, ते सगळ्यांच्या पुढं होते. बसम्मा गंगूला बाजेवरून खाली ठेवून दोन घागरी काखेत मारून पळाल्या. रुद्राणी हातभर खाली घसरली आणि... थांबली.

वेढा! खोडाला पडलेला तो एक वेढा आणि त्याच्या टोकाला एका हाताची केवळाबाई.

"मावशी, तुम्ही नाही गेलात?"

"झाडावर माणूस हाय ना," केवळाबाई म्हणाली. एवढंच.

रुद्राणी सुटकेचा श्वास सोडणार तोच खाली बघते तर गंगू! भुईवर बसलेली गंगू उभी राहिली होती. कशालाही न धरता! रुद्राणीचे डोळे भरून आले. गंगूनं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. चालली! माझी पोर चालली! तिसरं, चौथं... आणि रुद्राणीनं बघितलं ती कुठं चालली होती ते. खोडापासून दहा हातांवर, दगडाला टेकून, धार वर करून ठेवलेली भुजंगमामाची कुऱ्हाड उन्हात चकाकत होती. पोरीला चकाकणारं सगळं हवं असायचं.

"मावशी! गंगू! कुऱ्हाड!"

केवळाबाईनं पोरीकडं बघितलं, वर बघितलं. दोर सोडला तर आई पडते, धरला तर पोर कापते. "गंगे, बस गं! बस माय!" गंगू ऐकती तर गंगू कसली! भुजंगमामा वरून घसरत निघाला खरा, पण खोड उंच आणि पोर कुऱ्हाडीजवळ.

सातवं पाऊल.

रुद्राणीचा हात कमरेला गेला. चाव्यांचा जुडगा! त्याला छोटं घुंगरू होतं. रात्री रडली की गंगू याच आवाजानं गप्प व्हायची. तिनं जीव खाऊन जुडगा पार उलट्या दिशेला, रिकाम्या हौदाकडं भिरकावला. छन्न!

गंगू थांबली. डोलली. वळली. आणि एकेक पाऊल टाकत, मोंढ्यात निघालेल्या शेठजीसारखी, हौदाकडं चालू लागली. रुद्राणीनं पावलं मोजली. अकरा! मग मोजायचं राहूनच गेलं, कारण डोळ्यांपुढं सगळं ओलं झालं होतं.

केवळाबाईनं तिला एका हातानं बोटबोट उतरवलं. खाली अंडं असतं तरी फुटलं नसतं. पाय टेकल्यावर रुद्राणीनं पोरीला उचललं आणि मग केवळाबाईचा डावा हात बघितला. तळव्यावर दोराचा लालभडक वळ उठला होता.

"चलतंय," केवळाबाई म्हणाली. "तीस वर्सांत हात असाच हाय."

गल्ली परत आली ती घागरींसकट, माना खाली घालून. बसम्मा म्हणाल्या, "तुझ्यासाठीच पळाले बाई! उतरल्यावर तहान लागली असती!" मग त्यांनी एक घागर उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यातलं तांब्याभर पाणी स्वतःच्या हातानं झाडाच्या बुडाशी ओतलं. सिद्रामप्पांनी खुर्ची सरळ केली, पण त्या दिवशी ते तिच्यात बसले नाहीत.

गंगू आता इतकी चालते की रुद्राणीला नवीन काळज्या लागल्यात. पण त्या राहू द्या. तिचं तुमच्याकडं एक काम आहे. कुणी लोह्याकडं निघालं की ती त्याला हेच सांगते. केवळाबाईचं मनगट काही नीट बसलं नाही म्हणतात आणि भुजंगमामा तर चढायचं सोडणार नाही. तेव्हा कुठं वाटेवरच्या झाडात वाळल्या मिरचीएवढा म्हातारा दिसला तर जरा गाडी थांबवा. खाली दोराचं टोक कुणाच्या हातात आहे, ते बघा. खोडाला वेढा आहे का, तेही बघा.

आणि समजा तेवढ्यात वळणावर टँकर दिसलाच, तर कृपा करून ओरडू नका!