जावयाच्या गाडीचं कूलंट

"जावईबापू, गाडीचं कूलंट कधी बदलवलं होतं?" चहा संपता संपता खुशालरावांनी विचारलं.

शेंदूरजनाघाटला माहेरी आलेली दामिनी चारच दिवसांत निघाली होती. कुलदीप तिला अकोल्याला न्यायला आला होता, बॅगा दारात होत्या आणि खुशालरावांचा जीव सकाळपासून खालीवर होत होता. लेक अजून एक दिवस राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण जावयाला ते सांगायचं कसं? तेवढ्यात त्यांना गाडी दिसली.

"राहू द्या न मामाजी, अकोल्याले पाहून घेईन."

"रस्त्यात गरम झाली म्हंजे? तुमी बसा. जावयाचे हात काळे झाले तर लोकं मले काय म्हनतीन! अर्ध्या घंट्याचं काम आहे."

जावई खाटेवर बसला. खुशालरावांनी रेडिएटरखाली घमेलं सरकवून तोटी सोडली. घमेल्यात हिरवंगार, तळ दिसेल असं नवंकोरं कूलंट पडलं.

"बापरे, केवढी घाण!" खुशालराव म्हणाले.

मग साधं पाणी भरायचं, इंजिन चालवायचं, थंड होऊ द्यायचं, पाणी सोडायचं. ते स्वच्छ निघेपर्यंत हेच. पहिल्याच खेपेला स्वच्छ निघालं, तरी खुशालरावांचं समाधान होईना. ट्रॅक्टरलासुद्धा त्यांनी कधी एवढी आंघोळ घातली नव्हती.

"नळ आता परवा येईन!" दामिनीची आई दुर्गाबाई कडाडल्या. "आख्खी टाकी गाडीले पाजली. सैपाक कायनं करू?"

खुशालरावांनी शेजाऱ्यांकडून बादल्या आणल्या. पाचव्या खेपेला तोटी जोरात पिळली, ती तुटून हातात आली.

आता मात्र ते खरोखर घाबरले. जावई चिडला आणि दिवाळीला लेकीला पाठवलंच नाही तर? भर उन्हात ते मोटारसायकलवर वरूडला गेले, तीन दुकानं पालथी घातली आणि तोटी घेऊन आले. ती बसवून नवं कूलंट भरेपर्यंत पाच वाजले. एवढ्या वेळात दामिनीशी दोन शब्दही बोलणं झालं नव्हतं.

"झाली गाडी. निघा आता," ते खाली मान घालून म्हणाले. "चुकलंच माह्यं. ही गेली का घर खायले उठते, बापू."

दामिनीनं डोळ्याला पदर लावला. कुलदीप उठला, बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहत राहिला.

"मामाजी," तो गंभीरपणे म्हणाला, "ब्रेक ऑइलबी लय खराब दिसून राहिलं. उद्याचा दिवस लागनच."