अक्कांची हिरवी टिकली

"शुक्रवारपर्यंत माझ्या भुंग्याला नाव मिळणार म्हणजे मिळणार," प्रमोदिनीने नवऱ्याला ठणकावलं. मकरंदने दुपट्यांच्या घड्या घालता घालता मान डोलावली.

भुंगा केवढा, तर मुगाच्या डाळीएवढा. हिरवागार, चकचकीत. सर्जापूर रोडच्या एका बोरीवर तो एकच सापडला होता. तिने तो पांढऱ्या कार्डावर डिंकाने चिकटवून पाठीचं वर्णन पुरं केलं होतं. पण तिचे मार्गदर्शक भीमाचार्य सर अडून बसले होते. "जुन्या जातीहून एक तरी फरक दाखव. नाहीतर ही तीच." आता पोट तेवढं पाहायचं राहिलं होतं. संशोधन सगळं आठ महिन्यांच्या लेकीच्या, शमिकाच्या झोपेवर चाले. तिने कूस बदलली की विज्ञान जागच्या जागी थांबे.

गुरुवारी प्रमोदिनी अंघोळीला गेली, तेव्हा शेजारच्या राजलक्ष्मी अक्का लेकीला सांभाळायला घरी येऊन बसल्या होत्या. बाहेर येऊन बघते तो कार्ड कोरं.

"अक्का, इथला किडा कुठं गेला?"

"किडा कुठला? टिकली होती ती. तुझ्या लेकीनं माझी ओढून तोंडात घातली, ती टाकून दिली. दारात दूधवाला. उघड्या कपाळानं कशी जाऊ? स्वल्प थुंकी लावली, ही सुटली. इथं बसवली."

अक्कांच्या दोन भुवयांच्या मधोमध जगातला एकुलता एक नमुना विराजमान झाला होता.

"हलू नका अक्का. शिंकू पण नका."

"मेलाय ना तो?"

"मेलाय. पण पाय मोडतील."

"पाय पण आहेत?"

"सहा."

अक्कांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. ओल्या कुंचल्याने तो सोडवायला वीस मिनिटं लागली. प्रमोदिनीने त्याला उताणा करून भिंगाखाली धरलं. पोटावर लाल भुकटी! जुन्या जातीत अशी कुठेच नव्हती. तिने ओल्या केसांनीच सरांना फोन लावला.

"सापडला की फरक," सर आनंदले. "नवी जात! मी आत्ता सगळ्यांना मैसूरपाक वाटतो."

तिने फोन ठेवला, शमिकाचे पापे घेतले आणि भिंग अक्कांच्या हाती दिलं. "बघा, तुमच्या टिकलीचं पोट कसं लाल आहे."

अक्कांनी बराच वेळ पाहिलं.

"अगं, हे माझं कुंकू. टिकलीखाली मी रोज लावते."

प्रमोदिनीने पुन्हा फोन फिरवला.

"सर, मैसूरपाक... वाटून झाला का हो?"