हिरवळीचं जमलं

आमच्या सोसायटीच्या हिरवळीनं गवत कापायची दोन यंत्रं नाकारली होती आणि तिसरं यंत्र रविवारी सकाळी दहा वाजता तिला बघायला येणार होतं. मी खैरनार, सोसायटीचा सेक्रेटरी. शनिवारपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

गवत गुडघ्याला लागलं होतं. चेअरमन बोरस्ते यांनी नोटीस लावली होती, की रविवार संध्याकाळपर्यंत हिरवळीचं जमलं नाही तर सोमवारी तिथं पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करण्यात येईल. आठ वर्षांपूर्वी गुंडाळ्यांमधून टेम्पोनं तिला मीच आणलं होतं. टँकर बोलावून उन्हाळे काढले होते. तिच्या जागी मोटारी उभ्या राहणार म्हटल्यावर मला अन्न जाईना.

तशी ती हट्टी नाही. पहिलं यंत्र पेट्रोलचं होतं. धूर सोडत ते दोन एकरांच्या गप्पा मारत बसलं. आमची हिरवळ जेमतेम बाराशे फूट. दुसरं विजेचं, स्वभावानं गरीब. तिनं विचारलं, "बदामाच्या झाडापलीकडे याल ना?" ते म्हणालं, "वायर येऊ देईल तिथपर्यंत येईन." वायर झाडापाशीच संपत होती. नकार मीच कळवला आणि बरं वाटलं मला.

तिसरं यंत्र बरोब्बर दहाला रिक्षातून उतरलं. हातानं ढकलायचं, मोटर नाही, दोन चाकांच्या मध्ये फिरती पाती. सोबत त्याच्या मालकीण प्रमिलाताई गद्रे, वय सत्तरच्या पुढे, गावाबाहेरच्या बंगल्यात राहणाऱ्या. माझ्या बायकोनं, निर्मलानं, पोहे आणले. एक बशी रीत म्हणून यंत्रापुढेही ठेवली.

"वय काय?" बोरस्त्यांनी विचारलं.

"एकोणचाळीस," प्रमिलाताई म्हणाल्या. "पण पात्यांना हात लावून बघा. सावकाश हं, कापेल."

हिरवळीनं विचारलं, "पेट्रोल वगैरे घेता?"

"छे," यंत्र म्हणालं. "महिन्यातून एकदा सांध्यांना थोडं तेल. बाकी कुणी ढकललं की झालं. एक मात्र आधीच सांगतो, एवढं उंच गवत मला एकदम झेपायचं नाही. पहिल्यांदा विळ्यानं खाली आणावं लागेल."

बोरस्त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवाचं नाव घेतलं.

"आणि नंतर किती ठेवाल?" हिरवळीनं विचारलं.

"दीड इंच ठेवतो. तुम्हाला दोन आवडत असेल तर दोन."

आठ वर्षांत तिला कुणी असं विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. वारा नव्हता, तरी गवत या टोकापासून त्या टोकापर्यंत हललं.

"मला पसंत आहे," ती म्हणाली.

मी खुर्चीवरून उडालोच! निर्मलानं पेढे फिरवले, बोरस्त्यांनी स्वतःच्या हातानं नोटीस काढली. मी प्रमिलाताईंना विचारलं, "मग हे कधीपासून येणार? बुधवार चालेल?"

"हा कशाला येईल?" त्या म्हणाल्या. "ती येणार ना आमच्याकडे. आमच्या अंगणात पाच वर्षं नुसती माती आहे. म्हणून तर हा बसून होता."

माझा पेढा हातातच राहिला. बोरस्त्यांनी सभेचं रजिस्टर उघडलं. 'मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम' असं त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं.

"घरजावई म्हणून..." मी म्हणून पाहिलं.

"तसा ठराव झालेला नाही," बोरस्ते म्हणाले.

मी हिरवळीकडे वळलो. "तुझं काय म्हणणं आहे, बाई?"

"काका," ती म्हणाली, "दीड की दोन, ते मला तिथं विचारणार आहेत."

मी सगळ्यांसमोर रडलो, आणि खरं सांगतो, आनंदही तेवढाच झाला होता.

दुपारी माळ्यानं विळ्यानं गवत खाली आणलं. मग बदामाच्या बाजूनं तिनं स्वतःला नीट गुंडाळून घेतलं, जशी आली होती तशी. निर्मलानं पहिल्या गुंडाळीची ओटी भरली. टेम्पो वळेपर्यंत आम्ही फाटकात उभे होतो.

सोमवारी पेव्हर ब्लॉकची गाडी आली. तिच्याआधी माझा अर्ज बोरस्त्यांच्या टेबलावर होता. विषय: पहिला दिवाळसण, चार दिवस माहेरपणासाठी जागा मिळणेबाबत. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि शेरा मारला, 'ब्लॉक सिमेंट न लावता, उचलता येतील असे बसवावेत.'

दिवाळीला एकोणीस दिवस राहिले आहेत. त्या चार दिवसांत कुणाची मोटार कुठं लावायची, तो तक्ता मी जिन्यात लावला आहे. निर्मलाची चकलीची भाजणी दळून आली. जावयाला अभ्यंगस्नानासाठी मशीनच्या तेलाची नवी बाटली आणून ठेवली आहे.