पाच पाट आणि एक गोळी

निर्णय घ्यावा तर माझ्यासारखा! मनात आलं की हात कामाला! हात तसाही थरथरतोच म्हणा; पार्किन्सन होऊन चार वर्षं झाली. पण म्हणून रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या घरातून मला एकट्याला वाण्याकडेही सोडत नव्हते. मला! रोह्यात तीस वर्षं गणित शिकवलेल्या विष्णुमास्तरला!

यंदा मी वत्सलेला, म्हणजे बायकोला, ठणकावलं, "गणपतीचा पाट पेणला मी एकटा देऊन येणार!"

"अहो, पण..."

"नाही जमलं, तर पुन्हा एकट्याने बाहेर जायचं नाव काढणार नाही!"

आमच्याकडे घरचा पाट मूर्तिकाराकडे द्यायचा, त्याच पाटावर बसून देव घरी येतो. एसटीने गेलो, पाट दिला, नाव-पत्ता लिहिला. फत्ते! निघालो, तर शेजारच्या कारखान्यात लोडाला टेकलेला गणपती. काय ऐट! कोपऱ्यावर सुतार होताच. नवा पाट घेतला, दिला. पुढे मोरावरचा दिसला. मग सिंहासनावरचा... पाचव्या पाटाला एसटीची वेळ झाली, म्हणून थांबलो.

चूक कळली नाही? कळली ना, एसटीत बसल्यावर! पण फोन करून गणपतीला नको म्हणायला जीभ रेटेना.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दारात टेम्पो थांबला. ड्रायव्हर काळुराम ओरडला, "सर, जागा करा! पाच हायत!"

"पाच काय?" वत्सला बाहेर आली.

"गनपती, वयनी! पाची पाटांवर सरांचंच नाव हाय!"

वत्सलेने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. तिने तडक डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, नवी गोळी सुरू झाल्यापासून हे असंच चाललंय! मागच्या महिन्यात तीन छत्र्या आणल्या, आता पाच गणपती!"

"काहींना होतं त्या गोळीने असं. मनात आलं की करून मोकळे! आपण होऊन बंद करू नका, सोमवारी घेऊन या. मी बघतो."

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. इतके दिवस वाटत होतं, जुनी तडफ परत आली! ती निघाली गोळीची.

"वयनी, चार परत नेऊ काय?"

"दारात आलेला देव परत धाडायचा? डोकं ठिकाणावर आहे ना, काळुराम? पाचही आत घे!"

आता मला सांगा, हिला कुठली गोळी चालू होती?

टीव्ही माळ्यावर गेला. सोफा शेजाऱ्यांकडे गेला. एकशे पाच मोदक झाले! आरतीला घंटा माझ्याच हातात दिली. ती आपोआप वाजत होती.

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि हळूहळू मी ताळ्यावर आलो. पण एकट्याने जाणं बंद ते बंदच. जादा चार पाट मूर्तिकारांना फुकट देऊन टाकायला वत्सला स्वतः पेणला निघाली. "मला काही गोळी नाही," असं वर ऐकवून!

संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आली.

"दिलेस पाट?"

"दिले."

"चारही?"

"हो." पदराशी चाळा सुरू झाला. "माघी गणपतीसाठी. आपल्याच नावाने. अहो, एकाला बोलवायचं आणि तिघांना नाही, बरं दिसतं का?"

पुण्याहून आमचा मुलगा अनय फोनवर कडाडला, "यापुढे तुम्ही दोघांनीही एकट्याने पेणला जायचं नाही!"

आम्ही लगेच कबूल केलं. आता आम्ही दोघं मिळून जातो.