पेटीतला खलबत्ता

दर अमावस्येला सकाळी गोकुळबापू ओट्यावर आपली पत्र्याची पेटी उघडून बसत आणि साऱ्या गल्लीला शिळं खायला घालत. शिळं म्हणजे महिनाभर पेटीत राहिलेलं. भाजलेले चणे, शेंगदाणे, गूळ, दादर ज्वारीचे पापडासारखे बिबडे. जुना माल वाटून टाकायचा आणि पेटीत ताजा भरायचा, हा त्यांचा नेम. महाराष्ट्र राज्य व्हायला दोन-तीन वर्षं होती तेव्हा मी तापीकाठच्या त्या गावी मास्तर म्हणून आलो. बापूंच्या घरातली एक खोली मला भाड्याने मिळाली. त्यामुळे सादळलेल्या चण्यांचा पहिला मानकरी मीच.

पेटी पुरासाठी होती. वैशाखात घोटाही न बुडवणाऱ्या तापीकडे बघून लोक बापूंना हसत. बापू शांतपणे म्हणत, "पानी काय सांगीसन येस का?" हे त्यांचं पालुपद. शेजारी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी ते ऐकवलं होतं. पाहुणे चहा न घेता उठले.

पण पेटी बघावी तर बापूंचीच! काड्यापेटी बाटलीत, बाटलीच्या बुचावर मेण. गढूळ पाणी निवळायला तुरटी. सुई-दोरा, हळद, जुन्या धोतराच्या पट्ट्या. आणि विहिरीवरचा जाडजूड दोर. तो दर अमावस्येला निंबाला बांधून बापू स्वतः लोंबकळून बघत. साठीचा विधुर माणूस झाडाला लटकलेला बघून नवखी माणसं ओरडत धावत येत.

एक वस्तू मात्र मला उमगली नव्हती. लोखंडी खलबत्ता. तो पहिल्यापासून नव्हता, मी आल्यावर तिसऱ्या वर्षी पेटीत शिरला, आणि पेटी उचलायला दोन माणसं लागू लागली. बापूंचे दात असे, की ऊस दाढेने सोलून खात. मी विचारलं, "बापू, पुरात मसाला कुटायचा आहे का?"

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. कामले येस," एवढं म्हणून त्यांनी झाकण लावलं.

समोरच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात त्यांचे थोरले भाऊ राहत, नथूभाऊ. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं तुटलेलं, तेही मी यायच्या आधीपासून. बापू ओट्यावर बसत ते त्या घराकडे पाठ करून. अमावस्येचा वाटा सगळ्या गल्लीत जाई, समोर जात नसे.

आणि एका श्रावणात पाणी खरंच न सांगता आलं. गावात पावसाचा थेंब नव्हता, वरच्या अंगाला कुठे तरी कोसळला असणार. मी दात घासत होतो तोवर ओटा बुडाला. गल्लीत माडी एकट्या बापूंची. बापूंनी आणि मी पेटी वर चढवली. बघता बघता वर वीस-बावीस माणसं जमली. नथूभाऊंचा मुलगा आणि सून राखीसाठी विसरवाडीला गेलेले, म्हातारा एकटाच आपल्या धाब्यावर उभा.

मध्ये सात-आठ हातांची गल्ली, तिच्यातून छातीभर पाणी सुसाट चाललेलं. बापूंनी दोर फेकला. तो बरोबर नथूभाऊंच्या पायाशी पडला. मग बापू माझ्याकडे वळले.

"मास्तर, त्यासले सांगा, दोर कमरले बांधा."

मी ओरडून सांगितलं.

"मास्तर, त्याले सांगा, मन्हं घर कोठे जात नई," पलीकडून उत्तर आलं.

दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तरी मी तोही निरोप इमानाने पोचवला. पाणी चढत होतं आणि मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात नथूभाऊंच्या परसातली भिंत बसली आणि धाब्याचा एक कोपरा पाण्यात गेला. बापूंना मास्तरची आठवण राहिली नाही. "भाऊ, दोर धर!" ते स्वतःच ओरडले. नथूभाऊंनी मुकाट्याने दोर कमरेला बांधला. आम्ही पाच जणांनी ओढून त्यांना माडीवर घेतलं.

मग बापूंनी पेटी उघडली. हंड्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली, कुणाच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबली. बापूंना हसणारी सगळी माणसं ओंजळी पुढे करून बसली होती. त्यांत माझीही ओंजळ होती, आणि मला माझी लाज वाटत होती. चणे वाटले गेले. नथूभाऊंनी आपल्या वाट्याची मूठ बाजूला ठेवली.

"माले भूक नई."

तेव्हा कुठे मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. पार बोळकं झालेलं. माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून त्यांचे दात पडले होते. शेवटचे पडले ते मी आल्यावर तिसऱ्या वर्षी. समोरच्या घराकडे पाठ करून बसणाऱ्या बापूंना ते कधी दिसलं, देव जाणे.

बापूंनी खलबत्ता काढला. त्यात चणे टाकले, शेंगदाणे टाकले, गुळाचा खडा टाकला आणि कुटायला बसले. माडीवर तेवढाच आवाज. बारीक पीठ झाल्यावर त्यांनी ते वाटीत काढून भावापुढे सरकवलं आणि मान वळवली.

नथूभाऊंनी चिमूटभर तोंडात टाकलं. बराच वेळ घोळवलं. डोळे पुसले.

"मास्तर," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याले सांगा, गूळ कमी पडना."

मी सांगायला तोंड उघडलं. पण तोवर बापू गूळ कुटायला लागले होते.