पाचरवाला आणि फणसवाला

आमच्या परटवण्यातले दत्तूतात्या मोटार दिसली की ती कुणाची, केवढ्याला घेतली, असलं काही विचारायचे नाहीत. "हिचं चित्र कुणी काढलं?" एवढंच विचारायचे. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा पेढा तोंडात टाकत त्यांनाही हेच विचारलं. डॉक्टरांना काही सांगता येईना. "मग घेतलीत कशाला?" म्हणाले आणि दुसरा पेढा उचलला.

तात्यांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना होता. सगळा जन्म शाडूत गेला, स्वतःची साधी सायकल नव्हती. मुलगा विलास मात्र बोटीवर खलाशी. सुट्टीवर येताना तो परदेशी मासिकं आणायचा. त्यांत जमिनीला चिकटलेल्या, लालभडक, शर्यतीच्या गाड्या. त्यानेच एकदा सांगितलं की इटलीत या गाड्यांची चित्रं काढणारे लोक गाडी आधी मातीची करतात, हाताने घासून गुळगुळीत करतात आणि पत्रा मग. झालं, त्या दिवसापासून ते सगळे तात्यांचे भाऊबंद.

"आपल्यातलेच हो ते. फक्त त्यांना विसर्जन नाय."

इटालियन नावं तोंडात बसेनात, म्हणून तात्यांनी त्यांची नवी बारशी केली. कोनेदार गाड्या काढणारा तो पाचरवाला आणि गोलाईवाला तो फणसवाला. दोघं खालच्या आळीत राहत असावेत असं ते बोलायचे. "फणसवाल्याचा हात मऊ. पण आता त्याला विचारतो कोण? सगळं जग कोनावर गेलंय." हे म्हणताना त्यांना खरोखर वाईट वाटायचं.

याचा त्रास गणपतीला झाला नाही, उंदराला झाला. आमच्याकडे ज्याचा त्याचा पाट शाळेत आणून देतात, त्यावरच मूर्ती घडते. एका वर्षी आबा शेट्ये आपला पाट न्यायला आले, तर उंदीर चपटा, नाक पुढे काढलेलं आणि शेपूट मागे फळीसारखं वर.

"तात्या, हे काय?"

"वारा कापतो तो."

"माझ्या मखरात वारा कुठला आला, मेल्या?"

तात्यांनी मुकाट उंदीर बदलून दिला. चपटा मात्र स्वतःच्या फळीवर जपून ठेवला.

पुढच्या वर्षी चतुर्थी तोंडावर आली असताना मी कामाने मुंबईला निघालो होतो. तात्या हातचं काम टाकून घरी आले. "सुरेश, फुटपाथवर जुनी मासिकं मिळतात म्हणे. गाड्या काढणारा नवा कुणी निघाला असेल तर बघ."

"तात्या, मूर्ती रंगवायच्या पडल्यात आणि तुम्हाला गाड्या सुचतात?"

ते पायरीवर बसले. "विलास येतोय. मातीला हात लावणार नाय म्हणून भांडून गेलेला पोर तो. त्याची आई होती तोवर तीच आमच्या दोघांच्या मध्ये बोलायची. आता येतो, जेवतो, गप्प बसतो. या गाड्यांवर तेवढा बोलतो माझ्याशी. पाचरवाला बोलून झाला, फणसवाला बोलून झाला. या खेपेला काय बोलू त्याच्याशी?"

मुंबईत सगळी कामं मागे टाकून एक मासिक मिळवलं. परत आलो तर स्टँडवर विलास भेटला, तोही त्याच सकाळी उतरलेला. माझ्या काखेतलं मासिक बघून म्हणाला, "मला द्या ना हे."

"एवढा नाद आहे तुला?"

"मला कसला नाद? डोकं दुखतं माझं त्या गाड्यांनी. पण बाबांचा जीव आहे त्यात. बंदराला लागलो की आधी दुकानं हिंडतो. या वेळी काहीच मिळालं नाही. रिकाम्या हाताने गेलो तर बाबा माझ्याशी बोलतील कशाला?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं आणि मासिक देऊन टाकलं.

संध्याकाळी शाळेत गेलो आणि तात्यांना सांगितलं, काही मिळालं नाही. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात विलासने पिशवीतून मासिक काढलं. "बाबा, हा एक नवीन निघालाय."

तात्यांनी हात पुसून चष्मा लावला. "नाव राहू दे. याला आपण म्हणायचं काय? मागून कशी आहे रे याची गाडी?"

मागची बाजू चित्रात दिसत नव्हती. "अशी असणार बघा," म्हणत विलासने शेजारचा शाडूचा गोळा उचलला आणि अंगठ्याने दाबायला लागला.

तात्या गाडीकडे बघतच नव्हते.